सहा शून्यं आणि विश्वनाथमामा

मी हे लिहावं की नाही, हेच मला अजून नीट कळलेलं नाही. विश्वनाथमामांवर लिहिण्याचा हक्क त्यांच्या घरच्यांचा, नाहीतर आमच्या नांदेडच्या कॉलेजात त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं काढलेल्या लोकांचा. मी शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी, आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला पहिलाच. असा लेख कधी लिहिलेला नाही, चुकलं तर माफ करा. पण मामांना जाऊन महिना झाला आणि त्यांना सांगायची एक गोष्ट राहून गेली. ती कुठेतरी सांगितल्याशिवाय राहवत नाही...

मामा आमच्या पंपाच्या लॅबमध्ये मदतनीस होते. खाकी शर्ट, कपाळावर भस्माचे पट्टे, वरच्या खिशात टेस्टर. दुसऱ्या वर्षाला असताना प्रॅक्टिकलच्या वहीचं आम्ही सगळे करतात तेच करायचो. वरच्या वर्गातल्या कुणाची तरी जुनी वही आणायची आणि रीडिंग उतरवायची. त्या दिवशीही पंप चालू होता, पण त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. पंप बंद असतानाचं पहिलं रीडिंग शून्य, तेवढं मी त्या वहीतून उतरवलं आणि मित्रानं जुनी वही ओढून नेली. रकाने रिकामे दिसू नयेत म्हणून मी खालच्या पाच ओळींतही शून्यंच टाकून ठेवली, नंतर भरू म्हटलं. तोवर वह्या गोळा झाल्या.

वह्या चाळता चाळता मामा हसायला लागले. “दाबाचा काटा सोमवारपासून शून्यावर अडकलाय. सरांना सांगून ठिवलंय मी. आन् तुमचा दाब तर लई चढून राहिला की रे! कुणाच्या विहिरीवर गेलते मोजायला?” सगळे खाली बघू लागले. मग त्यांनी माझी वही वर धरली. “ह्या एकट्यानं जे दिसलं ते लिवलं. कुठला रे तू, तम्मा?” त्यांच्या उदगीरकडं कानडी बोलणाऱ्या घरांत धाकट्याला तम्मा म्हणतात. मी म्हणालो, “लोहा तालुक्यातला.” एवढंच म्हणालो. दुसरं जे म्हणायला पाहिजे होतं, ते म्हणालो नाही.

त्या दिवसापासून तास संपले की मामा मला थांबवून घ्यायचे. पंप उघडायचा, बेअरिंग काढायचं, धुऊन परत बसवायचं. पहिल्यांदा मी पंप जोडला तेव्हा दोन बोल्ट उरले. “ठिव खिशात. आईला दाखव, शिकून राहिलो म्हणून,” मामा म्हणाले. माझे वडील सेंट्रिंगच्या कामावर जातात. माझी नखं बघून ते एकदा म्हणाले, “हात काळेच करायचे होते तर माझ्यासंगं का नाही आलास?” मी हे मामांना सांगितलं. त्यांनी हातातलं बेअरिंग पुसून खाली ठेवलं. मग म्हणाले, “बापाला म्हण, काम दोघांचं सारखंच हाय. पण हे कशानं बिघडलं ते तुला सांगता आलं पायजे, म्हणून पुस्तक.” नवीन मुलं आली की ते मला पुढे करायचे. “हे खोटं न लिवणारं पोरगं हाय.” मी मान खाली घालायचो. त्यांना वाटायचं, लाजतोय.

पुढे मामा निवृत्त होऊन उदगीरजवळच्या आपल्या गावी गेले. यंदा लातूरच्या एका सोयाबीन तेलाच्या कारखान्यात मुलाखत होती. माझ्यापेक्षा जास्त मार्कांची मुलं रांगेत होती. तिथल्या साहेबांनी एकेकाला चालू पंपापाशी उभं केलं आणि विचारलं, काय वाटतं? बरेच जण सूत्रं सांगू लागले. मी हात ठेवून बघितला. एका बाजूला जास्त गरम लागत होता, आतून बारीक खरखर येत होती. “बेअरिंग जाऊन राहिलंय,” घाबरून मी गावचंच बोललो. साहेब हसले, उघडून दाखव म्हणाले. दाखवलं. सहा महिने तिथंच शिकाऊ म्हणून राहिलो, आणि परीक्षा झाली की कायम करतो असं पत्र मिळालं. माझ्या गुणपत्रिकेवर मामांसोबतचे ते तास कुठेच लिहिलेले नाहीत. पण ही नोकरी त्यांनीच दिली, असं मला वाटतं. आणि ते तास मला मिळाले होते ते सहा खोट्या शून्यांवर...

लातूरहून उदगीर दीड-दोन तासांचा रस्ता. मामा आजारी असल्याचं कळलं होतं. दर रविवारी मी मनातल्या मनात निघायचो. त्यांच्यासमोर बसून सांगायची हिंमत होत नव्हती. शेवटी त्यांची मुलगी सविताताई, तिच्या मोबाइलवर माझ्या आवाजात रेकॉर्ड करून निरोप पाठवला. तीनदा पुसला, चौथ्यांदा पाठवला. नोकरीचं आधी सांगितलं, त्यांना बरं वाटावं म्हणून. शून्यांचं शेवटी ठेवलं.

दोन दिवसांनी दुपारी ताईचा फोन आला. मामा सकाळीच गेले होते. रडत रडत ती सांगत होती, “काल अप्पांना तुझा निरोप लावला बघ. नोकरीचं आलं तसा हात वर केला, म्हणाले, थांबव, थांबव. शेजारच्या समद्यांला बोलवायला लावलं. माझ्या तम्माचं ऐका म्हणून तेवढंच परत परत लावायला लावलं. लई खुश होते. मग दमले... उरलेलं उद्या ऐकतो म्हणाले.”