इन फाइन

इंग्रजी अर्जाचा शेवटचा परिच्छेद 'इन फाइन' या शब्दांनी सुरू करावा, म्हणजे 'सारांश असा की', हे मला तळेगावच्या शाळेत शिकवलं होतं. 'इन शॉर्ट' काय, कुणीही कारकुंडा लिहितो! पुढे मी लोणावळ्यात लाकडाच्या वखारीत कारकुंडाच झालो, पण ते दोन शब्द कधी झाडता येतील याची वाट बघत राहिलो.

संधी दिली शेजारच्या आबांनी. आंदर मावळातल्या वाडीवरचा हा माणूस रेल्वेत गँगमन होता. खडी फोडताना कपची उडाली आणि त्यांचा एक डोळा गेला. चूक तुझीच, असं मुकादमाने वर त्यांनाच दरडावलं. आता कामावरून काढणार हे उघड होतं, आणि काम गेलं की रेल्वेची खोलीही जाणार. कान्ह्याच्या रेल्वे फाटकावर राखणीला तरी ठेवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. सोमवारी रेल्वेचा साहेब रूळ तपासायच्या ट्रॉलीवरून येणार होता, तेव्हा अर्ज त्याच्या हातात द्यायचा ठरलं.

मी अर्ज लिहिला आणि मोठ्या हौसेने इंग्रजीतच वाचून दाखवला. शेवटाला आलो तशी आबांनी मान वर केली.

"भाऊ, ते फाइन कशापायी?"

"इंग्रजी तुम्हाला कळतं की मला?" मी फटकारलं.

आबांनी कागदावर अंगठा उठवला आणि ते तो घेऊन गेले.

सोमवारी ट्रॉली आली, थांबली, गेली. पंधरवड्यात हुकूम आला, खोली आजच्या आज रिकामी करा. मी तणतणत त्यांच्याकडे गेलो आणि अर्ज दिला होता की नाही, म्हणून त्यांच्यावरच तोंड टाकलं. त्यांनी बंडीच्या आतून कागद काढून माझ्या हातात ठेवला. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"कामावर उशीर झाला की फाइन, हत्यार हरवलं की फाइन. तेवढं इंग्रजी येतं आमाला," ते म्हणाले. "डोळा माजा गेला, आन् दंडबी मीच मागून घिऊ?"

मी त्यांना त्या शब्दांचा खरा अर्थ सांगितला. त्यात दंड कुठेच नव्हता, इंग्रजी अगदी बरोबर होतं, आणि त्या बरोबर इंग्रजीची मला त्या क्षणी शिसारी आली. त्यांची बायको बोचकं घेऊन पुढे निघाली होती. आबांनी सगळं ऐकून घेतलं, घोंगडी खांद्यावर टाकली.

"म्या इचारलं व्हतं, भाऊ," ते म्हणाले.