उलटी फिरणारी मोटर आणि आम्ही दोघं भाऊ

कापसाच्या त्या वाईट वर्षांतली गोष्ट. घरात बाजारभावाचा विषय कोणी काढत नसे. निदान झाडावर बोंडं तरी राहावीत, एवढंच मागणं. दादाच्या शेतात पाण्यावाचून पऱ्हाटीच्या पात्या, म्हणजे फुलाआधीच्या कळ्या, गळायला लागल्या होत्या. शिवारातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली होती. आठ दिवसांनी नवी बसली, दुपारी लाईन आली, आणि मोटर लावली तर पाइपातून धार आली बोटाएवढी. लाईन पाचला जाणार होती.

दादानं आर्णीहून मला बोलावून घेतलं. माझं दुकान वह्या-पेनांचं. पण मी बारावी सायन्स पास, तेही दुसऱ्या खेपेला, म्हणजे अभ्यास दुप्पट झालेला, असं घरच्यांचं मत.

मी विहिरीवर जाऊन जाहीर केलं, "फुटव्हॉल गेला." विहिरीतलं पाणी वर येऊ देते, परत खाली जाऊ देत नाही, अशी ती झडप. तिच्यावर मी दहा मिनिटं बोललो. तोवर वहिनीनं पंधरा बादल्या पाइपात ओतल्या. मोटर लावली. पुन्हा तेवढीच धार.

मोटर बंद होताना वहिनी म्हणाली, "भाऊजी, हा मागचा पंखा रोज विहिरीकडं फिरते. आज बांधाकडं काहून फिरून राह्यला?"

मोटरीवर दिशेचा बाण असतो. तो सापडेना, कारण मोटर नवी दिसावी म्हणून पोळ्याला मीच तिला हिरवा ऑइलपेंट मारला होता, बाणासकट.

तर मोटर उलटी फिरत होती, म्हणूनच धार बारीक; नव्या डीपीवर वायरी उलट्यासुलट्या जोडल्या गेल्या असणार. करंट एकीकडून जातो आणि इलेक्ट्रॉन दुसरीकडून येतात, हे शाळेत वाचलं तेव्हाच माझा गोंधळ उडाला होता. मग खरं चाललंय कोण? त्यात शेतातली लाईन म्हणे सारखी मागंपुढं होते. मग मोटर एकाच बाजूला कशी फिरते? तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल केली की मोटर सुलटी होते, एवढं मात्र पाठ होतं.

मोटर चालू-बंद करायचा स्टार्टर झोपडीत, विहिरीपासून दोनशे पावलांवर. मी तिकडं गेलो, दादा मोटरीपाशी थांबला. वारा विहिरीकडून माझ्याकडं, त्यामुळं दादाची प्रत्येक शिवी मला स्पष्ट ऐकू येत होती आणि माझं एक अक्षर त्याला पोचत नव्हतं. म्हणून मध्ये वहिनी उभी केली. मी मेन स्विच खाली ओढला आणि तिच्याजवळ निरोप दिला, "दोन वायरी बदलाव्या लागतात."

आमच्या घरात काम कोणी करायचं ते कोणी सांगत नाही. करावं लागते, एवढंच म्हणतात. ज्याच्या कानावर पडलं तो उठतो. मी स्टार्टरमध्ये दोन वायरी बदलल्या. दादानं मोटरीवर दोन बदलल्या. मोटर लावली, पुन्हा बोटाएवढी धार.

सायन्स चुकलं असं समजून मी मेन ओढून माझ्या वायरी पूर्ववत केल्या. मोटर बंद पडलेली पाहून दादानंही त्याच्या केल्या. मोटर पुन्हा उलटीच. असं दोनदा झालं. चार वाजून गेले. फुटव्हॉल खराब आहे की मी, हेच कळेना.

शेवटी वहिनी कंबरेवर हात ठेवून ओरडली, "अहो, तुमच्या हातात पान्हा कायले?"

"वायरी बदलून राह्यलो ना! त्यानंच सांगतलं."

"आन् भाऊजी तिकडं काय करून राह्यले?"

दादा बांधावरून तरातरा आला. "अबे, तू बी बदलून राह्यला? मले वाटलं तू नुसता सांगून राह्यला, नेहमीसारखा!"

वहिनीनं पान्हा काढून घेतला आणि आम्हा दोघांना बांधावर बसवलं. स्टार्टरमधल्या दोन वायरी तिनं स्वतः बदलल्या. मोटर लावली, आणि पाइपातून पाणी असं फुटलं की दादाची चप्पल दांडात, पिकाला पाणी नेणाऱ्या चारीत, वाहून गेली. तो तसाच अनवाणी ओळींना पाणी धरायला धावला.

पाचला लाईन गेली तेव्हा अर्धं शेत भिजलं होतं. उरलेल्या ओळींत गळलेल्या पात्या पडल्या होत्या. दादा तिथं नुसता बघत उभा.

वहिनीनं हळूच विचारलं, "भाऊजी, कोनत्या बी दोन बदलल्या तरी चालते म्हनता. तिसरीले काही फरकच नाही पडत?"

मी घसा साफ केला.

"त्याले नको विचारू," दादा म्हणाला, "उद्याची बी लाईन जाईन."