पाच मिनिटं गप बसा

मुकुंदवाडीत आमच्या गल्लीत आरोग्य केंद्राच्या एक ताई दर महिन्याला यायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. दारात चपला काढायच्या, पदरानं चष्मा पुसायच्या आणि माझ्या गरोदर सुनेला खुर्चीत बसवून म्हणायच्या, "पाच मिनिटं गप बसा. मग बीपी बघू." स्वतःही घड्याळाकडं बघत गप्प.

मला कुठला धीर! एकदा म्हणालो, "ताई, टाका की लिहून एकशेवीस-ऐंशी. आधीच्या बाई मशीन पिशवीतून न काढताच लिहायच्या."

"व्हय. त्यांच्या वहीत अख्खी गल्ली एकशेवीस-ऐंशी हाय," त्या म्हणाल्या. "असं कुठं असतंय का काका?"

आठव्या महिन्यात त्यांनी दंडाला पट्टा दोनदा बांधला. आकडा दोन्ही वेळा चढलेलाच. मी चहा विचारला, तर त्यांनी रिक्षा बोलवायला लावली. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आणलंत." तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

नात आता रांगते. परवा ताई माझं बीपी बघायला आल्या. मी न सांगता खुर्चीत बसलो आणि पाच मिनिटं तोंड उघडलं नाही.