साधंच लग्न आहे, कसेही या!

किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. आमच्या ऑफिसात ते उन्हाळ्यात साठायचे, टेबलावर लग्नपत्रिका साठायच्या त्याच वेगानं. आजही आम्ही जुने सोबती भेटलो की पाण्याचं, बांधांचं कुणी काढत नाही. ‘ते तुझ्या शर्टाचं सांग ना,’ म्हणतात. बहुतेक किस्से माझ्याच कपड्यांवरचे आहेत, तेव्हा मीच सांगितलेले बरे. बाकीचे जरा जास्तच मीठमसाला लावतात!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वडील फौजेत, त्यामुळे माझी शाळा उत्तरेत आणि कॉलेज दिल्लीत झालं. तिथं ग्रामविकासावर एवढं वाचलं की डोकं पेटलं आणि मी थेट आमच्या पारनेर तालुक्यात परत आलो. डोंगरावर चर खणायचे, पाणी अडवायचं, देश बदलायचा. वेळ लागला तर दोन वर्षं, असा माझा अंदाज होता.

ज्या संस्थेत लागलो, तिथं आम्ही तिघं. गायकवाड सर हे प्रमुख, हाडाचे शिक्षक. संपत ड्रायव्हर. आणि मी, ज्याला सगळे ‘दिल्लीवाले’ म्हणायचे.

काम एका गावात अडलं होतं. डोंगराचा माथा नाना नावाच्या एका शेतकऱ्याच्या मालकीचा. माथ्यावर चर नसतील तर खालचे बांध पहिल्याच मोठ्या पावसात वाहून जाणार. नाना हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. मी गेलो की बैलाकडे बघून बोलायचे. पावसाळ्याच्या आत माथा मिळाला नाही तर योजना दुसऱ्या गावाला जाणार होती.

“मीटिंग घेऊ नका,” सर म्हणाले. “लग्नसराई आहे. लग्नांना जा. माणसं तिथं भेटतात.”

“काय घालून जाऊ?”

“साधीच लग्नं असतात हो. काहीही घाला.”

आमच्या तालुक्यातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य ते हेच!

*

पहिल्या लग्नाला मी विचारपूर्वक गेलो. गरिबातल्या गरिबाला माझ्याकडे बघून संकोच वाटू नये, हे माझं तत्त्व. म्हणून जाडाभरडा खादीचा झब्बा, कोपरावर ठिगळ, टायरच्या चपला. दाढी आठवडाभराची, कारण ब्लेडवर खर्च कशाला!

मांडवात बघतो तर गरिबातला गरीब कडक इस्त्रीत! नव्या टोप्या, कोऱ्या बंड्या, पोरांच्या शर्टांना अजून दुकानाच्या टाचण्या.

एक आजी बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी जवळ आली, पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, “लेकरा, घरात कुनी गेलं का रं?”

मी म्हणालो, “नाही आजी, मी विकासाचं काम करतो.”

“आसू दे, आसू दे,” म्हणत तिनं डोळ्याला पदर लावला. मला पहिल्या पंगतीला बसवलं आणि माझ्या पानात बुंदी सगळ्यांच्या दुप्पट पडली. वाढणारा पुटपुटला, “जेव बाबा. जानारा काय परत येत न्हाई.”

*

धडा घेतला. पुढच्या लग्नाला पांढराशुभ्र झब्बा-पायजमा, चकाचक दाढी, पायात कोल्हापुरी. जीपमधून उतरलो आणि लाऊडस्पीकर कडाडला, “आत्ताच आपल्या लाडक्या नेत्यांचं मंडपात आगमन झालेलं आहे! त्यांनी कृपया स्टेजवर यावं!”

मी मागं वळून नेते शोधले. मागं फक्त संपत होता. तो म्हणाला, “जावा की. तुमालाच म्हनत्यात.”

स्टेजवर गेलो. हातात माईक आला. वधूवरांना आशीर्वाद द्यायचे होते. पण समोर एवढं मोठं गाव बसलेलं पाहून माझ्यातला विद्यार्थी जागा झाला. मी चराईबंदीवर सुरुवात केली. तिथून मातीच्या धुपेवर गेलो. नवरदेव सुटाबुटात उभा, मुंडावळ्यांतून घामाच्या धारा. भटजींनी अक्षतांचं ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, मग खालीच ठेवलं. मला वाटलं, तेही तल्लीन झाले!

शेवटी मुलीचे मामा पुढं आले आणि हात जोडून म्हणाले, “सायेब, समदं गाव तुमालाच मत देतंय. पर आता खाली बसा!”

*

गायकवाड सरांच्या पुतण्याचं लग्न होतं, बौद्ध पद्धतीनं. सर म्हणाले, “साधंच आहे, वंदना आणि प्रतिज्ञा. या दोघंही.”

या वेळी मी चूक होऊ द्यायची नाही असं ठरवलं. सरांच्याच घरी चौकशी केली. पांढरा शर्ट, साधी पँट, बस्स. मग शर्टाला नीळ दिली. नीळ जास्त झाली. पुन्हा धुतला. कोळशाच्या इस्त्रीनं इस्त्री केली. ठिणगी पडेल म्हणून वर ओलं फडकं धरलं. संपत हॉर्न वाजवून दमला. मी म्हणालो, “अरे, लग्न कधी वेळेवर लागतं का?”

पोचलो तेव्हा भांडी घासायला काढली होती. सर दारात उभे, हातात घड्याळ.

“सर, लग्न?”

“लागलं. पत्रिकेत वेळ छापलेली असते, ती वाचण्यासाठी असते!”

त्या दिवशी माझे कपडे अगदी, अगदी बरोबर होते. बघायला कुणी नव्हतं.

*

संपतचं मत वेगळं होतं. “कपड्यावरून मान असतोय,” म्हणायचा. त्यानं मेच्या उन्हात मरून रंगाचा सफारी शिवला. डोळ्यांवर काळा चष्मा. मी कंटाळून चौकटीचा जुना शर्ट घातला आणि दोघं शेजारच्या अकोले तालुक्यातल्या एका लग्नाला गेलो.

जीप थांबली. चार जण धावत आले आणि संपतच्या गळ्यात हार घातला! एकानं माझ्या हातात पाण्याचा डबा दिला. “गाडी तापली आसंल, पानी वता. मंग मागं या, ड्रायव्हर लोकांचं जेवान मागं हाय.”

संपत काहीतरी बोलणार होता. पण हार मोगऱ्याचा होता. त्यानं मान ताठ केली.

मला खरं तर आनंदच झाला. कष्टकऱ्यांच्या पंगतीत बसायची संधी! मागं चार ड्रायव्हर जेवत होते. एकानं विचारलं, “काय ॲव्हरेज देती गाडी?”

मला माहीत नव्हतं.

“गियर पडत्यात का नीट?”

मी म्हणालो, “पडत असावेत.”

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. म्हातारा ड्रायव्हर सुस्कारा सोडून म्हणाला, “त्या सफारीवाल्या सायबाची कीव येती राव!”

*

मग थेट नानांच्या गावातलं लग्न. नाना समोरच बसलेले. इथं मानाच्या पाहुण्यांना फेटा बांधतात. माझ्याही डोक्याला बांधायला एक जण आला. मी नम्रपणे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “मला मान नको. माणसामाणसांत भेद नको.”

फेटेवाल्याचा हात हवेतच राहिला. नाना पहिल्यांदाच बैल सोडून माझ्याकडे बघून बोलले, “सोताच्या डोक्याला फडकं नको म्हनतो, अन् माझ्या डोंगराच्या डोक्याला चर मारायचं म्हनतो!”

गाव खो खो हसलं. मी तत्त्वावर ठाम राहिलो. मांडव अपुरा होता, मी उन्हात उभा राहिलो. वरात निघेपर्यंत उभा होतो, एवढं आठवतं. मग आडवा होतो. शुद्धीवर आलो तेव्हा डोक्याला ओला फेटा गुंडाळलेला आणि वर नानांचा चेहरा.

“मानाचा नसतोय रं ह्यो,” नाना म्हणाले, “उन्हाचा असतोय!”

परत येताना जीपमध्ये सरांनी माझ्या डोक्यावरचा ओला फेटा सोडून खिडकीत वाळत धरला. मग म्हणाले, “माथा गेला आपल्या हातून.”

*

शेवटची संधी होती नानांच्या धाकट्या मुलीचं लग्न. पत्रिका आली, याचंच आम्हाला आश्चर्य वाटलं. निरोप तोच, “साधंच लग्न हाय, कसंबी या.”

त्याच्या आधीच्या आठवड्यात एक चांगली गोष्ट घडली होती. संपतच्या चुलत्याकडच्या लग्नात मला कुंकू लावून आहेर मिळाला होता. शर्टपीस आणि पँटपीस! शर्टाचं कापड पोपटी, त्यावर विटकरी रेघा. पँट जांभळट. दिसायला भयंकर. पण मला भरून आलं. या मातीनं मला आपलं मानलं! मी ठरवलं, नानांच्या मांडवात हेच घालून जायचं.

पारनेरच्या टेलरनं कापड पाहिलं आणि कात्री खाली ठेवली. “शिवायचं?”

“हो.”

“ह्येच?”

“हो.”

त्यानं शेजारच्या दुकानदाराला हाक मारली, “ये रं, बघ. शिवायला आलंय!” दोघांनी कापडाला हात लावून बघितला. मला वाटलं, दर्जा पाहतायत.

लग्नाच्या दिवशी मी मांडवात शिरलो आणि बोलणं थांबलं. एक पाहुणे उठून आले. माझी बाही चिमटीत धरून म्हणाले, “आयला! ह्ये तर म्या मेव्हन्याला दिल्तं.”

मेव्हणे तिथंच होते. म्हणाले, “आन् म्या मामाला.”

मामांनी ते जावयाला दिलं होतं, जावयानं संपतच्या चुलत्याला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आहेराचं हे कापड शिवण्यासाठी नसतंच. घडी मोडायची नाही, ट्रंकेत ठेवायचं आणि पुढच्या लग्नात पुढं सरकवायचं. सगळा तालुका हे इमानदारीनं करत होता. कात्री लावणारा मीच पहिला!

गलका ऐकून नाना आले. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“ह्ये कापड माझं हाय,” ते हळूच म्हणाले. “थोरलीच्या लग्नात व्याह्यास्नी मानाचा आहेर केल्ता म्या. नगरास्नं आनून.”

थोरलीचे सासरे, म्हणजे नानांचे व्याही, दोनच पावलांवर पाणी पीत उभे होते. तांब्या तोंडाशीच थांबला. मानाचा आहेर पुढं सरकवला, हे भर मांडवात, मुलीच्या बापासमोर उघड झालं होतं. लग्न लागायचं बाकी होतं. व्याही रुसले तर थोरलीला उद्या सासरी ऐकावं लागणार, हे मांडवातल्या प्रत्येकाला कळत होतं.

गायकवाड सरांनी माझ्या कानात विचारलं, “संपतनं जीप कुठं लावलीय?”

व्याह्यांनी तांब्या खाली ठेवला. मिशा पुसल्या. “दिला पुडं,” म्हणाले. “काय करू मंग? बघा की नाना एकदा डोळं उघडून. ह्यो रंग घालून म्या बाजारात जाऊ? बैल बुजत्याल!” मग थोडं थांबून, “आन् खरं सांगा, लेकीची आन हाय. नगरास्नं आनलं हुतं का?”

नानांनी एकदा मांडवाकडं बघितलं, एकदा माझ्या बाहीकडं.

“न्हाई,” ते म्हणाले. “मला बी आहेरातच आल्तं.”

आधी व्याही हसले. मग नाना. मग सगळा मांडव असा हसला की लाऊडस्पीकरवाल्यानं गाणं बंद केलं. दोघा व्याह्यांनी एकमेकांना मिठी मारली आणि मध्ये मी, पोपटी!

हसू ओसरल्यावर नानांनी माझी बाही धरली. अंगठ्यानं कापड चोळून पाहिलं, बाजारात बी पाहतात तसं.

“दिल्यालं पुडं न सरकवता अंगावर घालनारा तूच पैला. उद्या दिस उगवायला डोंगरावर ये,” ते म्हणाले. “टिकाव मी आनतो. चर कुटनं मारायचा ते दाव.”

 मी लगेच म्हणालो, “येतो नाना. लवकर येतो. हे बदलून, साधे कपडे घालून येतो.”

“बदलतो कशाला? ह्येच घालून ये. समद्या तालुक्याची लग्नं जेवलंय ह्ये कापड. एकदा घाम बी बघू दे की त्याला!”