आत्याबाईंचे कान

बाईमाणसानं लाजावं कसं, हे अख्ख्या कोल्हापुरात एकाच माणसाला नीट जमतं आणि तो माणूस पैलवान आहे. आमच्या तालमीचं एक जुनं विनोदी नाटक दर गणपतीत होतं. भाड्यानं खोली मिळावी म्हणून त्यातला नायक विधवा आत्याचं सोंग घेतो. ती आत्या म्हणजे आमचे हे पैलवान. मान रेड्याची, कान कुस्त्यांत मोडून करंजीसारखे झालेले. पण पदर डोक्यावरून घेतला की साक्षात गरीब गाय. या भूमिकेसाठी त्यांनी मिशी काढली तेव्हा तालमीत सुतक पडलं होतं. सराव सुरू झाला की गडी भाजीवालीकडंसुद्धा मुरडत जायचा, "अगं बाई, वांगी कशी दिलीस?" ती म्हणायची, "पैलवान, गप पिशवी धरा की!"

घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. बायको वारलेली, लेक लग्नाची. पोरगी सोन्यासारखी, पण येणारं प्रत्येक स्थळ एकच कारण सांगून परत जायचं, "घरात बाईमाणूस न्हाय." ते ऐकलं की हा एवढा गडी दिवसभर जेवत नसे.

आणि रंगीत तालमीच्या दिवशी आजऱ्याची मंडळी न कळवता पैलवानांच्या दारात! मुलगा, त्याचे वडील आणि आजी. मी नाटकाचा प्रॉम्प्टर, त्यांच्याच घरी पुस्तक घेऊन बसलेलो. पैलवान लुगडं नेसून, कपाळ पांढरं ठेवून तयार. आजीनं उंबऱ्यातूनच विचारलं, "घरात बाईमाणूस कोण हाय?"

"मी हाय की! पोरीची आत्या!" पैलवान बोलून बसले. माझ्या हातातलं पुस्तक पडलं.

"आणि पोरीचा बा?"

"दादा व्हय? म्हशी धुवायला गेलाय. बसा पावणं, मी च्या टाकतो." बरं, आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो'च म्हणतात, त्यामुळं तिथं निभावलं. लेक आत तोंडात ओढणी कोंबून हसत होती का रडत होती, देव जाणे. आजीच्या पाया पडायला वाकले आणि पदर घसरला. झटक्यात सावरला. लेक कप घेऊन बाहेर आली. आजी चहा पिऊन म्हणाली, "पोरगी पसंत हाय."

लग्नात पैलवान पुन्हा मिशी राखून, कानावरून फेटा बांधून उभे. सोंग उघडं पडलं तर पोरीचं काय, या धास्तीनं घामानं निथळत होते. शेवटी आजी आलीच. "आत्या कुठं दिसंनात?"

"वाडीला गेल्यात, दत्ताला."

"जाऊ दे. उपरणं पसर."

"आँ?"

"पसर म्हणतो न्हवं! माझा म्हातारा पैलवान हुता. असलं कान मी जन्मभर उशाला बघितल्यात." आणि तिनं त्यांच्या उपरण्यात खण, नारळ, तांदूळ घातले. "पोरीच्या आईची ओटी भरायची ऱ्हायली हुती."

पैलवानांनी दोन्ही हातांनी ओटी धरलेली. डोळे पुसायला पदर नव्हता आणि उपरणं भरलेलं. मग मीच माझ्या रुमालानं त्यांचे डोळे पुसले. यंदा नाटकात आत्याचं काम तालमीतल्या एका पोराला द्यायचं, असं पैलवान म्हणतात. पोरगं बरं करतं, पण त्याला लाजता येत नाही.