तपनच्या आईचं ताट

बंगाली विधवा बाईच्या ताटात मी मोहरीतला मासा वाढला. स्वतःच्या हातानं, आणि तोही डोक्याचा तुकडा. मानाच्या माणसाला डोकं वाढतात, एवढं मला माहीत होतं. बाकीचं माहीत नव्हतं.

डोक्याचं मला तपननं सांगितलं होतं. नायक तपन मंडल, आमच्या पोस्टवरचा रेडिओ ऑपरेटर, नदिया जिल्ह्यातला. मी हवालदार. बर्फ पडला की वाट बंद व्हायची. कुक रजेवर अडकला तर लंगर, म्हणजे आमचं स्वयंपाकघर, पाळीनं चालवायचं. सकाळी स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर उभं राहणं, मग रेडिओ सेट चेक, मग फावड्यानं बर्फ काढणं. संध्याकाळी बुखारीभोवती, म्हणजे रॉकेलच्या शेगडीभोवती बसायचं. तिथं डब्यातले वाटाणे चघळत तपन आईच्या हातचं जेवण सांगायचा. आधी कडू, म्हणजे शुक्तो: कारली, कच्ची केळी, वांगी, शेवगा, उतरवताना थोडं दूध. मग डाळ. मग खसखशीतला बटाटा. मग मासा. शेवटी टोमॅटोची गोड चटणी. एकेक पदार्थ भातावर घ्यायचा, संपवायचा, मगच पुढचा. मी सगळं एकदम कालवून भुरका मारायचो. तो तोंड फिरवायचा.

"हवालदार साब, आप खाना खाता है कि सिमेंट मिलाता है?"

तो गेला त्या सकाळी अँटेना बर्फाच्या भारानं वाकला होता. आम्ही तिघं निघालो. तपन पुढं, मधे मी, मागं एक जवान. उताराच्या मध्यावर वरून बर्फाची स्लाइड आली. आवाज मोठा नव्हता. धान्याचं पोतं ओतावं तसा. मी कमरेपर्यंत गाडला गेलो. सेट माझ्या पाठीवर होता. बेसला हाक दिली.

"बेस फॉर चार्ली. स्लाइड आया. एक आदमी नहीं दिखता. ओव्हर."

"नाम बोलो. ओव्हर."

"मंडल. ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर. मग, "खोदते रहो. आउट."

खोदलं. दुपारी तो सापडला. चेहरा शांत होता. त्याहून जास्त मला लिहिता येत नाही.

यंदा थंडीत त्याच्या बहिणीचा, मिठूचा फोन आला. ती आता पुण्यात नोकरीला आहे. म्हणाली, आईला तुमच्या घरी यायचंय. पलटणीनं सगळं कळवलं, एक सोडून. दादा त्या सकाळी खाऊन निघाला होता का, हे तिला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

मी पूर्ण ऑपरेशन आखलं. मलकापुरातून ताजा रोहू आणला. मोहरीचं तेल शोधत कराड पालथं घातलं. आमच्याकडं ते तेल शनीच्या दिव्याला नेतात. दुकानदार म्हणाला, "हवालदार, साडेसाती लागली का काय रं?" मी म्हटलं, लागली असेल गड्या, बाटली दे.

माँजी आल्या. पांढरी साडी, हातात बांगडी नाही. मी ताट वाढलं. त्यांनी माशाकडं पाहिलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

मिठू हळूच म्हणाली, "बाबा गेल्यापासून माँ मछली नहीं खाती. प्याज, लसूण, मसूर भी नहीं. आजकल बहुत लोग खाते हैं. मैं बोल-बोलके थक गई."

ताटात मासा होता, मसुराची आमटी होती, आणि आमच्या घरात कांदा-लसूण चटणीशिवाय पाणीसुद्धा उकळत नाही. बायको, शालन, माझ्याकडं बघत राहिली.

"आवं, मग ऱ्हायलं काय? मीठ? दोन वर्सं एका बंकरात ऱ्हायला तुमी. एवढं इचारलं न्हाई व्हय?"

नाही विचारलं. आई काय काय रांधते हे मी दोन हिवाळे ऐकलं. ती स्वतः काय खाते, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

माँजी उठल्या. मला वाटलं, आता उपाशीच निघाल्या, आणि विचारायचं तेही न विचारता. पण त्या सरळ आत गेल्या. खुणेनंच शालनकडून वेगळी कढई मागितली, घासून घेतली. परसातला शेवगा, वांगी, कारली, कच्ची केळी समोर आली. दोघींना एकमेकींची भाषा ठाऊक नव्हती. शालनचा हात सवयीनं शेंगदाण्याच्या कुटाकडं गेला, तसं माँजींनी तिचं मनगट धरलं. शालन हसली. मला केळी सोलायला बसवलं. तीही माझ्याकडून काढून घेतली.

मग सगळ्यांच्या भातावर त्यांनीच शुक्तो वाढला. आधी कडू. घास कालवला, पण उचलला नाही.

"खोका खाके गया था?"

खोका म्हणजे लाडका पोरगा. आई अजून तसंच हाक मारते, असं तपन स्वतःवरच हसत सांगायचा.

"हाँ माँजी. खिचडी. बनाने की बारी मेरी थी. दो प्लेट खाया."

"कौन सा दाल?"

"मूँग."

"भूना था?"

खिचडीचा मूग आधी भाजायचा असतो, हे मला त्या क्षणी कळलं. खोटं बोलणं जमलं असतं. पण त्या डोळ्यांसमोर नको वाटलं.

"नहीं माँजी. ऐसा ही डाल दिया. ऊपर से घर की लाल चटनी."

"अरं देवा," शालन पुटपुटली.

"दो प्लेट?" माँजींनी पुन्हा विचारलं.

"दूसरी उसने खुद ली. गाली देते-देते. फिर बूट पहने."

मिठू खाली बघत होती. माँजींनी पदरानं डोळे टिपले, कालवलेला घास तोंडात घातला, चावला, गिळला. मग दुसरा घेतला.

"पेट भरके गया," त्या म्हणाल्या. "अच्छा हुआ."

आणि तिसरा घास कालवता कालवता, माझ्याकडं न बघता:

"लेकिन बाबा, कच्चा मूँग तो हमारे उधर गाय को देता है."