नऊ नंबरच्या मावशी

परळच्या इस्पितळात आयसीयूबाहेर बसणाऱ्या आम्हा नातेवाइकांची ओळख पेशंटच्या खाटेवरूनच. मी चौदा नंबर, आईसाठी बसलेला. त्या नऊ नंबरच्या मावशी, नवऱ्यासाठी. रोज अकराला मोठे डॉक्टर लवाजम्यासह येत, प्रसादासारखे मोजके इंग्रजी शब्द वाटत आणि लिफ्टकडे जात. मग सगळे मावशींकडे वळत. अठरा दिवसांत त्यांना ते शब्द पाठ झाले होते.

"क्रिटिकल म्हणाले ना? मग रडतेस कशाला गं? माणूस आहे अजून. अनस्टेबल म्हणजे बीपी वरखाली. हाय रिस्क म्हणाले की सही मागतात. चल, दोन घास खा." आणि स्वतःचा डबा पुढे सरकवत.

एकदा डॉक्टर त्यांच्यापाशीच थांबले. "क्रिटिकल, पण स्टेबल," म्हणाले आणि गेले.

मावशी माझ्या शेजारी येऊन बसल्या. "चौदा नंबर, तुम्ही शिकलेले दिसता. स्टेबल म्हणजे काय हो?"

परवा त्यांनीच मला तो शब्द समजावला होता. "काल होते तसे आज आहेत," मी त्यांचंच वाक्य त्यांना सांगितलं.

पहिल्यांदाच ऐकल्यासारखं त्यांनी ते ऐकलं.

"परत एकदा सांगा," त्या म्हणाल्या.